विजेच्या मोटारीचा पल्ला : लांबत गेलेल्या वायद्याचा इतिहास

विजेवर चालणारी मोटार एकदा बॅटरी पूर्ण भरल्यावर जेवढे अंतर कापते, त्याला तिचा पल्ला किंवा बोलण्यात रेंज म्हणतात. आणि नवी बॅटरी येऊन हा पल्ला कधी वाढणार, हा प्रश्न आज जितक्या उत्सुकतेने विचारला जातो, तितक्याच उत्सुकतेने तो विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्क आणि पॅरिसमध्ये विचारला जात होता. तेव्हाचे उत्तरही आजच्या उत्तराहून फारसे निराळे नव्हते: आणखी थोडी कळ काढा. नंतरच्या सव्वाशे वर्षांत नव्या बॅटऱ्या आल्याच नाहीत, असे म्हणता येत नाही. त्या आल्या, पण सांगितलेल्या मुदतीत क्वचितच आल्या. आणि त्यांतल्या ज्या बॅटरीने हा प्रश्न खऱ्या अर्थाने हलवला, ती मुळात मोटारीसाठी घडवलेलीच नव्हती.

प्रश्नाचे मूळ वजनात आहे. १८५९ साली फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ गास्तों प्लांते याने शिशाचे दोन पत्रे एकमेकांना टेकणार नाहीत अशा बेताने गुंडाळून विरल सल्फ्युरिक आम्लात बुडवले आणि रिकामा झाल्यावर पुन्हा भरता येणारा पहिला विद्युत् घट तयार झाला. पुढे १८८१ च्या सुमारास कामीय फोर याने पत्र्यावर शिशाच्या संयुगाचा लेप चढवण्याची रीत काढल्यामुळे घटात अधिक वीज मावू लागली व कारखान्यात तो झटपट तयार करता येऊ लागला. त्याच वर्षी गुस्ताव त्रूवे याने पॅरिसमध्ये विजेची तीनचाकी चालवून दाखवली. मात्र शिसे हा जात्याच जड धातू. बॅटरीची कुवत ज्या मापाने जोखतात ती ऊर्जाघनता, म्हणजे एक किलो वजनात साठणाऱ्या विजेचा वॉट-तासांतला आकडा. शिशाच्या बॅटरीत तो आजही तीस ते चाळीसच्या आसपास आहे, तर एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे बारा हजार वॉट-तास ऊर्जा असते. पेट्रोलचे इंजिन त्यातली बहुतेक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने उधळते आणि विजेची मोटर फार थोडी वाया घालवते, हे जमेस धरले तरी तफावत प्रचंडच राहते. शिवाय पल्ला वाढवण्यासाठी बॅटरी मोठी करावी तर तिचे वजन पेलायला सांगाडा भक्कम करावा लागतो, भक्कम सांगाडा ओढायला आणखी वीज लागते, आणि वाढवलेल्या बॅटरीचा बराचसा भाग स्वतःलाच वाहून नेण्यात खर्ची पडतो.

वेगाच्या बाबतीत विजेची गाडी तेव्हा कोणाला हार जाणारी नव्हती. २९ एप्रिल १८९९ रोजी बेल्जियन मोटारपटू कामीय जेनात्झी याने पॅरिसजवळच्या आशेर येथे शिशाच्या बॅटरीवर ताशी १०५ किलोमीटरचा वेग गाठला. ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा ओलांडणारी ही पहिली मोटार होती. अमेरिकेत १९०० साली तयार झालेल्या ४,१९२ मोटारींपैकी १,६८१ वाफेवर, १,५७५ विजेवर आणि केवळ ९३६ पेट्रोलवर चालणाऱ्या होत्या. अडचण होती ती पल्ल्याची, आणि ती ओलांडण्याची पहिली युक्ती नव्या बॅटरीची वाट न पाहताच काढली गेली होती, ही गोष्ट पुढच्या इतिहासात बरीच झाकोळली गेली.

फिलाडेल्फियाच्या हेन्री मॉरिस आणि पेद्रो सालोम यांनी १८९७ साली न्यूयॉर्कमध्ये विजेवर चालणाऱ्या भाड्याच्या गाड्या सुरू केल्या. त्यांनी गाडी चार्ज करण्याऐवजी तिची बॅटरीच बदलण्याची व्यवस्था केली. रिकामी झालेली गाडी स्टेशनात शिरली की यांत्रिक दाबाने ती फलाटाशी नेमकी जुळवली जाई, पाच-सहाशे किलो वजनाची बॅटरीची पेटी बाहेर ओढली जाई, तिच्या जागी भरलेली पेटी सरकवली जाई, आणि काही मिनिटांत गाडी पुन्हा रस्त्यावर येई. बाहेर काढलेली बॅटरी मग सावकाश, तिच्या प्रकृतीला मानवेल अशा गतीने भरली जाई. बॅटरीच्या धंद्यातला बडा व्यापारी आयझॅक राइस याने त्याच वर्षी हा उद्योग ताब्यात घेतला आणि दोनच वर्षांत ट्रामगाड्यांच्या धंद्यातल्या भांडवलदारांनी त्याचा पसारा अनेक शहरांत फैलावला. परंतु न्यूयॉर्कबाहेर बॅटऱ्यांची निगा राखणारी माणसे नव्हती. खडबडीत रस्त्यांवर हादरे बसून शिशाच्या जाळीत भरलेला लेप गळून घटाच्या तळाशी साचे आणि महागडे संच महिन्यामहिन्यांनी निकामी होत. शेअरबाजारातल्या उलाढालींनी या कंपनीची पत आधीच गेली होती. १९०७ साली तिचे दिवाळे निघाले, आणि एका व्यवस्थापनाच्या अपयशाचे खापर बॅटरीच्या माथी फुटले. यापुढे मोटारीचा पल्ला वाढवायचा म्हणजे नवी बॅटरीच शोधायची, असे जवळपास सर्वांनी गृहीत धरले.

ती बॅटरी शोधण्याची जबाबदारी टॉमस एडिसनने स्वतःहून अंगावर घेतली. १८८३ साली याच एडिसनने साठवणीची बॅटरी म्हणजे भागभांडवल गोळा करणाऱ्या कंपन्यांचे लोकांना गंडवण्याचे साधन आहे, असे जाहीरपणे म्हटले होते. १८९९ च्या सुमारास मात्र त्याने शिसे आणि आम्ल या दोहोंनाही सोडचिठ्ठी द्यायचे ठरवले. आम्लाऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा अल्कधर्मी द्राव, एका पट्टीत लोखंड आणि दुसरीत निकेलचे संयुग, अशी त्याची योजना होती. स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर हाही त्याच वाटेने चालला होता आणि पेटंटावरून दोघांत वाद झाले. १९०१ साली एडिसनने बॅटरीची स्वतंत्र कंपनी काढली आणि त्याचा जुना सहकारी आर्थर केनेली याने अमेरिकेच्या विद्युत् अभियंत्यांसमोर निबंध वाचून नव्या घटाची घोषणा केली. वर्तमानपत्रांनी घोडागाडीचे दिवस भरल्याचे छापले. लवकरच गाड्या स्वस्त होतील, लांब पळतील आणि त्यांची बॅटरी वर्षानुवर्षे टिकेल, अशी हवा तयार झाली, आणि एडिसनने ती शमवण्याचा कधी प्रयत्न केला नाही. उलट मुलाखतींमधून तो तिला खतपाणीच घालत राहिला.

प्रत्यक्षात १९०३ पासून विकल्या गेलेल्या पहिल्या घटांनी निराशा केली. पत्र्याच्या डब्यांचे सांधे पाझरू लागले. आणि त्याहून वाईट म्हणजे काही महिन्यांच्या वापरानंतर घटात मावणारी वीजच कमी होऊ लागली. याचे कारण निकेलच्या पट्टीत होते. निकेलचे हे संयुग विजेचे वाईट वाहक असल्यामुळे त्यात ग्राफाइटचे पापुद्रे मिसळलेले असत, पण घट भरता-रिकामा होताना संयुग फुगे आणि आक्रसे, ग्राफाइट हळूहळू झिजे, आणि कणाकणांतला संपर्क तुटे. संपर्क तुटलेला भाग घटात असूनही नसल्यासारखा होई. १९०५ उजाडेपर्यंत एडिसनला उत्पादन थांबवावे लागले, विकलेले घट परत घ्यावे लागले, आणि प्रयोगशाळेत सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

यावर अखेर सापडलेला उपाय कारागिरीच्या दृष्टीने विलक्षण होता. फिरत्या दंडगोलावर विजेच्या साहाय्याने तांब्याचा आणि निकेलचा मुलामा आळीपाळीने चढवला जाई. असे कित्येक थर झाले की तो पत्रा सोलून त्याचे बारीक चौकोन कापले जात आणि मग त्यांतले तांबे विरघळवून टाकले जाई. हाती उरत ते निकेलचे अतिशय तलम, वाऱ्यावर उडतील असे पापुद्रे. पेन्सिलीएवढ्या जाड, सच्छिद्र पोलादी नळीत हे पापुद्रे आणि निकेलचे संयुग यांचे शेकडो थर एकावर एक ठासून भरले जात आणि नळी फुगून फाटू नये म्हणून तिला बाहेरून कडी घातली जात. द्रावात एडिसनने थोडे लिथियम हायड्रॉक्साइड मिसळले, त्यामुळे घटाची कुवत आणि आयुष्य दोन्ही वाढली. म्हणजे लिथियम हे मूलद्रव्य मोटारीच्या बॅटरीत आज आहे त्याहून अगदी निराळ्या भूमिकेत का होईना, शंभर वर्षांपूर्वीच येऊन गेले होते. हा सुधारलेला घट १९०९-१० मध्ये बाजारात आला. तो खरोखर दणकट होता. अतिभरण, पूर्ण रिकामे होणे, महिनोन्महिने नुसते पडून राहणे, हे सर्व तो सोसत असे. त्या काळचे काही घट अनेक दशके चालले.

एवढे करूनही घोडे पेंड खात होते ते तीन ठिकाणी. एक तर हा घट थंडीत मंदावे, आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील शहरांत, जिथे विजेच्या गाड्यांचे गिऱ्हाईक होते, हिवाळा कडक असे. दुसरे, तो भरताना हायड्रोजन वायू भरपूर निघे. १९१६ साली एडिसनच्या बॅटऱ्या बसवलेल्या ‘ई-२’ या पाणबुडीत ब्रुकलिनच्या गोदीत स्फोट होऊन माणसे दगावली. तिसरी अडचण किमतीची, आणि तीच निर्णायक ठरली. डेट्रॉइट इलेक्ट्रिक या त्या वेळच्या नामांकित गाडीत शिशाऐवजी एडिसनची बॅटरी हवी असेल तर सुमारे ६०० डॉलर जादा मोजावे लागत, आणि १९१४ पर्यंत हेन्री फोर्डची मॉडेल टी पाचशे डॉलरच्या आत मिळू लागली होती. नव्या बॅटरीच्या नुसत्या वाढीव किमतीत पेट्रोलची एक अख्खी गाडी येऊन वर पैसे उरत. डेट्रॉइट इलेक्ट्रिकने एका चाचणीत एका भरणात २११ मैल, म्हणजे सुमारे ३४० किलोमीटर अंतर कापले. रोजच्या वापरासाठी ८० मैलांचा, म्हणजे सुमारे १३० किलोमीटरचा पल्ला जाहीर केला जाई, आणि ताशी तीस-बत्तीस किलोमीटरच्या वेगाने शहरात फिरणाऱ्या गाडीला तो पुरेसा होता. खुद्द फोर्डची पत्नी क्लारा डेट्रॉइट इलेक्ट्रिक वापरत असे.

तेव्हा एडिसनचा वायदा खोटा ठरला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तो उशिरा खरा झाला; आणि या उशिराच्या काळात प्रतिस्पर्धी हातावर हात ठेवून बसले नव्हते. शिशाच्या बॅटरीच्या कारखानदारांनी एडिसनच्या धास्तीनेच आपला माल सुधारला आणि लेप गळू न देणाऱ्या नळीदार पट्ट्या आणल्या. पेट्रोलच्या गाडीचे सर्वांत मोठे वैगुण्य होते तिचा दांडा हाताने फिरवून इंजिन सुरू करण्याचा त्रास व धोका, आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगने विजेचा स्टार्टर बसवून ते दूर केले. हा स्टार्टर चालत असे शिशाच्या बॅटरीवर. विजेच्या गाडीच्या ऱ्हासात बॅटरीच्याच एका उपयोगाचा एवढा मोठा वाटा असावा, हा या इतिहासातला सर्वांत बोचरा योगायोग म्हणावा लागेल. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने एडिसनच्या साथीने वर्षभरात स्वस्त विजेची गाडी काढण्याचा मनोदय बोलून दाखवला. प्रायोगिक गाड्या तयारही झाल्या, पण विक्रीला एकही आली नाही. एडिसनचे घट मात्र खाणकामगारांच्या दिव्यांत, रेल्वेच्या डब्यांत आणि सिग्नलांत, मालवाहू गाड्यांत सुखाने नांदले आणि त्यांचे अमेरिकेतले उत्पादन १९७५ पर्यंत चालू राहिले.

यानंतरची चाळीस-पन्नास वर्षे भराभर ओलांडण्यासारखी आहेत. कनेक्टिकटमधल्या हार्टफर्ड शहरात वीज कंपनीने बॅटरी आपल्या मालकीची ठेवून ट्रकवाल्यांकडून मैलांच्या हिशोबाने पैसे घेण्याची पद्धत १९२४ पर्यंत यशस्वीपणे चालवली. दुसऱ्या महायुद्धानंतर पेट्रोलच्या टंचाईने गांजलेल्या जपानमध्ये १९४७ साली ‘तामा’ ही छोटी विजेची गाडी आली, आणि पुढे शिशाचे भाव भडकताच मागे पडली. १९६६ साली फोर्ड कंपनीच्या जोसेफ कमर आणि नील वेबर या संशोधकांनी सोडियम-गंधक बॅटरी जाहीर केली. तिच्यात वितळलेले सोडियम आणि वितळलेले गंधक यांच्यामध्ये चिनी मातीच्या जातीचा एक घन पडदा असतो व त्यातून फक्त सोडियमचे विद्युत् भारित कण आरपार जातात. शिशाहून कितीतरी हलकी असली तरी ती सुमारे ३०० अंश सेल्सिअस तापमानाला ठेवावी लागे. तिच्यावर चालणाऱ्या फोर्डच्या ‘इकोस्टार’ व्हॅन रस्त्यावर आल्या त्या १९९० नंतर, आणि १९९४ मध्ये चार्जिंग करताना त्यांतल्या काही पेटल्यावर तो प्रयोग आटोपता घ्यावा लागला.

कॅलिफोर्नियाने १९९० साली धूर न सोडणाऱ्या गाड्या काही प्रमाणात विकण्याची सक्ती केली, तेव्हा सरकार आणि कारखानदार दोघांचीही मदार पुन्हा ‘येणाऱ्या’ बॅटरीवरच होती. जनरल मोटर्सची ईव्ही-१ ही गाडी १९९६ साली भाड्याने मिळू लागली ती जुन्याच शिशाच्या बॅटरीसह. पाचशे किलोंहून जड अशा त्या संचात जेमतेम साडेसोळा युनिट वीज मावे. १९९९ मध्ये निकेल आणि धातूचे हायड्राइड यांची बॅटरी आल्यावर तिचा पल्ला शंभर मैलांपलीकडे गेला. तोवर कॅलिफोर्नियाने त्या सक्तीसाठी घातलेली १९९८ ची मुदत रद्द झालेली होती. पुढे कंपनीने बहुतेक गाड्या परत घेऊन मोडीत काढल्या.

ज्या बॅटरीने अखेर पल्ल्याचे गणित बदलले, तिचा उगम एका तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. १९७३ च्या तेलसंकटाच्या आगेमागे एक्सॉन कंपनीत काम करणाऱ्या स्टॅन्ली व्हिटिंगहॅमने टायटॅनियम डायसल्फाइडच्या थरांमध्ये लिथियमचे कण शिरवून घट तयार केला. लिथियम हा सर्वांत हलका धातू आणि त्याचा घट शिशाच्या घटाच्या जवळपास दुप्पट दाबाची वीज देतो. मात्र शुद्ध धातूच्या रूपात वापरला तर पुन्हापुन्हा भरताना त्याला सुईसारखे कोंब फुटतात, ते पलीकडच्या पट्टीला भिडतात आणि घट पेट घेतो. ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफने १९८० साली लिथियम कोबाल्ट ऑक्साइडची धन पट्टी शोधली, जपानच्या अकिरा योशिनोने १९८५ साली दुसऱ्या बाजूला शुद्ध धातूऐवजी कार्बन योजून आगीचा धोका घटवला, आणि १९९१ साली सोनी कंपनीने असा घट विक्रीला आणला तो हातातल्या व्हिडिओ कॅमेऱ्यासाठी. या तिघांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सोनीच्या पहिल्या घटाची ऊर्जाघनता किलोमागे ८० वॉट-तासांच्या जवळपास होती. आज उत्तम घटांत ती अडीचशेच्या पुढे गेली आहे, आणि ही वाढ कोणा एका शोधाने झालेली नसून कॅमेरे, लॅपटॉप आणि मोबाइल यांच्या कारखान्यांत वर्षानुवर्षे झालेल्या बारीकसारीक सुधारणांची ती बेरीज आहे. २००८ च्या टेस्ला रोडस्टरमध्ये लॅपटॉपमध्ये असतात त्याच जातीचे ६,८३१ घट जोडून ३९३ किलोमीटरचा पल्ला मिळवला होता. २०१० च्या निसान लीफला तिच्या लहान बॅटरीवर अमेरिकी चाचणीत ११७ किलोमीटरच मिळत, पण ती सामान्य ग्राहकाच्या आवाक्यातली होती. त्यानंतर पल्ला वाढला त्यात रसायनापेक्षा किमतीचा हात मोठा आहे: २०१० साली एक युनिट वीज साठवणाऱ्या बॅटरीला हजार डॉलरहून अधिक पडत, २०२४ मध्ये जगाची सरासरी ११५ डॉलरवर आली, आणि त्यामुळे मोठी बॅटरी बसवणे परवडू लागले.

मोठ्या झेपेचे वायदे या काळातही थांबले नाहीत. २००९ साली आयबीएम कंपनीने हवेतला ऑक्सिजन वापरणाऱ्या लिथियम बॅटरीवर ५०० मैलांचा पल्ला गाठण्याचा प्रकल्प हाती घेतला. २०१२ साली अमेरिकी सरकारच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या संशोधन केंद्राने पाच वर्षांत पाचपट कुवत आणि एक-पंचमांश किंमत असे उद्दिष्ट ठेवले. टोयोटाने २०१७ मध्ये घन-अवस्था बॅटरीची गाडी २०२० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत येईल असे सांगितले आणि २०२३ मध्ये ती मुदत २०२७-२८ वर नेली. घन-अवस्था बॅटरी म्हणजे जिच्यात दोन पट्ट्यांमधला द्राव काढून त्याजागी घन पदार्थ वापरतात, ज्यायोगे शुद्ध लिथियमची पट्टी सुरक्षितपणे वापरता यावी आणि त्याच वजनात अधिक वीज मावावी. तिचे एक मोठे दुखणे तेच आहे जे एडिसनच्या निकेलच्या पट्टीत होते: भरता-रिकामे होताना पट्टी फुगते, आक्रसते, आणि घन पदार्थ द्रावासारखा मध्ये पडणाऱ्या फटींत शिरू शकत नसल्यामुळे संपर्क तुटतो. हे प्रयोगशाळेतल्या नाण्याएवढ्या घटात दाबाखाली आवरता येते. लाखोंच्या संख्येने घट तयार करताना आवरणे ही वेगळी गोष्ट आहे. या इतिहासाच्या आधारे काही अनुमान काढायचेच तर ते एवढेच की अशी बॅटरी येईल, परंतु प्रथम महागड्या गाड्यांत आणि जाहीर केलेल्या सालानंतर येईल.

भारतातला प्रवास याच सावकाश वाटेने झाला. बंगळुरूत चेतन मैनी यांनी २००१ साली बाजारात आणलेली ‘रेवा’ शिशाच्या बॅटरीवर सुमारे ८० किलोमीटर चाले. २०१० साली ती कंपनी मुंबईच्या महिंद्र समूहाने घेतली. पुण्याजवळच्या रांजणगावात तयार झालेली टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये आली तेव्हा तिच्या ३०.२ युनिटच्या बॅटरीला ३१२ किलोमीटरचा प्रमाणित पल्ला होता. हा आकडा पुण्याच्या एआरएआय संस्थेच्या चाचणीतला, म्हणजे गाडीची चाके फिरत्या रोलरांवर ठेवून ठराविक वेगाचा आराखडा पाळत मोजलेला, त्यामुळे घाटात किंवा महामार्गावर वातानुकूलन लावून चालवताना तो मिळत नाही, हे चालवणारे सगळेच जाणून आहेत. २०२४ अखेर जाहीर झालेल्या, चाकणमध्ये तयार होणाऱ्या महिंद्रच्या बीई ६ या गाडीला ७९ युनिटच्या बॅटरीवर ६८२ किलोमीटरचे प्रमाणपत्र मिळाले, आणि कंपनीने स्वतःच प्रत्यक्ष रस्त्यावर पाचशेच्या पुढचा आकडा सांगितला. या बॅटरीत लोह-फॉस्फेटचे रसायन आहे. ते गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेत अक्षय पाढी आणि सहकाऱ्यांनी शोधले आणि १९९७ साली प्रसिद्ध केले. निकेलच्या घटांपेक्षा त्यात वीज कमी मावत असल्यामुळे लांब पल्ल्याच्या गाडीसाठी ते बराच काळ कमअस्सल समजले जात होते. चिनी कारखानदारांनी घट लांब आणि चपटे करून, मधल्या पेट्या काढून ते थेट बॅटरीच्या मुख्य खोक्यात ओळीने बसवले, तेव्हा त्याच जागेत ते अधिक मावू लागले.